नाशिकची सून, कांगड्याची दीदी आणि आपली मातीची घरं

रंगमहालाच्या दारात उभं राहिलं की बाहेरगावचा माणूस हमखास विचारतो, "हे कोणी बांधलं?" आपण चांदवडकर लगेच छाती पुढे काढून सांगतो, "अहिल्यादेवींनी!" उत्तर काही चुकीचं नाही. पण मध्यंतरी एका पाहुण्यांची शाळकरी मुलगी सोबत होती. तिने पुढचा प्रश्न टाकला, "म्हणजे नकाशा पण त्यांनीच काढला का, काका?"

वीस-बावीस वर्षं पत्रकारितेत काढली, पण या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. काहीतरी सांगून वेळ मारून नेली. घरी आलो तरी प्रश्न डोक्यातून जाईना. एखादी वास्तू बांधली असं आपण म्हणतो, तेव्हा बांधणारा नेमका कोण? पैसा देणारा? आराखडा काढणारा? की उन्हात उभं राहून दगड लावणारा?

तो विचार करता करता एका बाईंपाशी येऊन थांबलो. त्यांचं नाव आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नाही आणि याचं मला वाईट वाटतं, कारण त्या आपल्याच जिल्ह्याच्या सून. आज त्यांच्याबद्दल लिहितोय. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

आधी थोडं घरचं. अहिल्यादेवींचा जन्म ३१ मे १७२५ चा, चौंडीचा. १७६७ पासून १७९५ पर्यंत त्यांनी कारभार पाहिला. त्या काळात काशीविश्वनाथाचं मंदिर पुन्हा उभं राहिलं, सोमनाथला मंदिर झालं, वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार झाला. पण मला स्वतःला त्यांच्या मंदिरांइतकंच मोठं वाटतं ते घाट, विहिरी, बारवा आणि धर्मशाळांचं काम. मंदिर देवासाठी असतं, विहीर मात्र तहानलेल्या वाटसरूसाठी असते आणि त्याची जात-पंथ पाण्याला विचारता येत नाही. आपलं चांदवड उत्तरेकडे जाणाऱ्या मोठ्या वाटेवरचं गाव. आजही मुंबई-आग्रा महामार्ग आपल्या उशाशी आहे. वाटसरूला काय लागतं, हे या गावाला कोणी शिकवायला नको.

त्या काळी दानधर्म म्हणजे नुसते पैसे वाटणं नव्हतं. दान बांधून दिलं जायचं आणि ते दोन-अडीचशे वर्षं टिकलं.

आता येऊ त्या बाईंकडे.

१९२९ साली अमेरिकेत एक मुलगी जन्मली. नाव डेलिया किन्झिंगर. वडील एडमंड किन्झिंगर जर्मन चित्रकार, आई अमेरिकन, तीही चित्रकार. घरात रंग, कॅनव्हास आणि कलेच्या गप्पा. मुलगी कोलोरॅडो विद्यापीठात कला शिकायला गेली. तिथे नारायण नावाचा एक गुजराती तरुण इंजिनिअरिंग शिकत होता. दोघांचं जमलं, लग्न झालं आणि १९५१ च्या सुमारास ती नवऱ्याबरोबर भारतात आली. कुठे? थेट नाशिकला. सासरच्या एकत्र कुटुंबात!

सासरचं आडनाव कॉन्ट्रॅक्टर. आडनावातच धंदा आला. पूर्वज सुतारकाम-बांधकाम करणाऱ्या समाजातले. या मंडळींचं दैवत विश्वकर्मा. वेरूळच्या दहाव्या लेण्याला लोक 'विश्वकर्मा लेणं' किंवा 'सुताराची झोपडी' म्हणतात, ते या समाजाचं श्रद्धास्थान. म्हणजे बघा, चित्रकारांच्या घरातली मुलगी येऊन पडली ती बांधणाऱ्यांच्या घरात.

पन्नाशीतलं नाशिक डोळ्यासमोर आणा. गोदाकाठचे वाडे, लाकडी खांब, मातीच्या जाड भिंती, शेणाने सारवलेली जमीन. आपल्याला त्यात विशेष काही वाटत नव्हतं. घरं अशीच असतात, एवढंच. पण बाहेरून आलेल्या, चित्रकाराचा डोळा असलेल्या या सुनेने ते नीट पाहिलं. उन्हाळ्यात भिंत गार का राहते, चौकातून उजेड कसा खाली उतरतो, सारवलेल्या जमिनीला हात लावला की कसं वाटतं. साधारण दहा वर्षं हे कुटुंब नाशिकला राहिलं, मग मुंबईत जुहूला गेलं.

त्यांची मुलगी किरिन नारायण पुढे मोठी मानववंशशास्त्रज्ञ झाली. नाशिकमधल्या एका साधूच्या कथाकथनावर तिने पुस्तक लिहिलं, ते १९८९ साली आलं आणि जगभरच्या विद्यापीठांत वाचलं गेलं. म्हणजे या घराचं नाशिकशी असलेलं नातं पुढच्या पिढीनेही जपलं.

सासरी 'दीदी' हे नाव पडलं असेल की आणखी कुठे, पण पुढे साऱ्या जगाने त्यांना दीदी कॉन्ट्रॅक्टर म्हणूनच ओळखलं. दीदी म्हणजे ताई. कुठलीही पदवी नाही, नुसतं नातं.

आणि पदवीचं सांगायचं तर आर्किटेक्टची पदवी त्यांच्याकडे नव्हतीच! आपल्या देशात १९७२ चा वास्तुविशारद कायदा आहे. कौन्सिलकडे नोंदणी असल्याशिवाय कोणाला स्वतःच्या नावापुढे 'आर्किटेक्ट' लावता येत नाही. तो नियम योग्यच आहे, नाहीतर कोणीही उठून इमारती उभ्या करील. आपल्या मुंबईत तर पेरिन मिस्त्री या पारशी तरुणीने १९३६ सालीच जे. जे. मधून वास्तुकलेची पदविका घेतली होती, देशातल्या पहिल्या महिला वास्तुविशारद म्हणून त्यांचं नाव घेतात. म्हणजे शिकलेल्या बायका या क्षेत्रात होत्या. दीदी मात्र शिकल्या त्या पाहून, करून आणि गवंड्यांशी बोलून. १९६० च्या दशकात उदयपूरच्या तलावातला महाल हॉटेल होत होता, तेव्हा त्याच्या अंतर्गत सजावटीत त्यांनी काम केलं. म्हणजे राजेशाही थाटमाट त्यांनी जवळून पाहिला होता. त्याच रस्त्याने गेल्या असत्या तर पैसा भरपूर मिळाला असता.

पण १९७० च्या दशकाच्या शेवटी संसाराची वाट वेगळी झाली आणि त्या हिमाचलात गेल्या. कांगडा खोरं. धौलाधारच्या पायथ्याशी, धरमशालाजवळच्या सिद्धबाडी गावात त्या राहू लागल्या. गावाच्या नावाची गंमत बघा. आपल्या अहिल्यादेवींनी देशभर धर्मशाळा बांधल्या आणि नाशिकची ही सून कामाला लागली ती धरमशाला नावाच्या गावाशेजारी!

तिथे त्यांना आपलं जुनं नाशिक पुन्हा भेटलं, फक्त पहाडी रूपात. कांगड्यात लोक कच्च्या विटांची घरं बांधत. वर पाटीच्या दगडाचं, म्हणजे स्लेटचं छप्पर. नदीतल्या गोट्यांचा पाया. बांबू आणि देशी लाकूड. पण नेमक्या त्याच काळात गावोगाव सिमेंट पोचत होतं आणि जुनी घरं पाडली जात होती. आपल्याकडेही हेच झालं, नाही का?

दीदींनी उलटी वाट धरली. साठीच्या उंबरठ्यावर, जेव्हा आपल्याकडची माणसं निवृत्तीचे हिशेब करतात, तेव्हा त्यांनी खऱ्या अर्थाने बांधकाम हाती घेतलं. माती, बांबू, दगड, स्लेट. सिमेंट अगदी लागेल तिथेच. कॉम्प्युटर नाही, कागदावर पेन्सिलीने आराखडा. सकाळी कामावर हजर. भिंत कुठे जाड हवी, खिडकी कुठे सरकवावी, हिवाळ्याचं ऊन आत कसं येईल, हे जागेवर उभं राहून ठरवायचं. भिंतीतच कोनाडा, भिंतीतच बसायची जागा, वरून येणारा उजेड.

आता मुद्द्यावर येतो.

सिद्धबाडीजवळच्या रक्कड गावात 'निष्ठा' नावाची एक सेवाभावी संस्था आहे. ऑस्ट्रियातून आलेल्या डॉक्टर बार्बरा नाथ-वीझर यांनी तिथे खेड्यातल्या लोकांसाठी, विशेषतः बायका-मुलांसाठी दवाखाना चालवला. १९९० च्या दशकात या दवाखान्याची इमारत उभी राहिली, ती दीदींच्या आराखड्यावर. मातीची!

हे ऐकून मी थबकलो. आपल्या डोक्यात दवाखाना म्हटला की पांढऱ्या फरशा, ट्यूबलाइट, फिनेलचा वास आणि बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये ताटकळणारे पेशंट. बाईमाणूस तिथे आधीच भेदरलेलं असतं. रक्कडच्या दवाखान्यात येणारी बाई जी भिंत पाहते ती तिच्या स्वतःच्या घराच्या भिंतीसारखी असते, फक्त जास्त नीट बांधलेली, जास्त उजेडाची. तिच्या घराला कोणीतरी मान दिलेला असतो. माझ्या मते कुठल्याही वास्तुविशारदाने सेवाकार्याला द्यायची सर्वांत मोठी देणगी हीच. पैसे कोणीही देईल. पण समोरच्या माणसासाठी नीट विचार करून काढलेली खिडकी पैशाने येत नाही.

पुढे पालमपूरजवळ कंडबाडीला सामाजिक कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणासाठी 'संभावना' ही संस्था उभी राहिली, तिच्या इमारतीही दीदींच्याच. देशभरातले तरुण आर्किटेक्ट, पदवीवाले बरं का, या बिनपदवीच्या ताईंकडे येऊन राहायचे, माती कालवायला शिकायचे. २०१७ साली त्यांच्यावर माहितीपट आला. २०१९ साली भारत सरकारने नारीशक्ती पुरस्कार दिला, तेव्हा त्या नव्वदीला टेकल्या होत्या. जुलै २०२१ मध्ये त्या गेल्या. तोवर सिमेंट उद्योग हा जगातल्या कार्बन उत्सर्जनाचा सुमारे ८ टक्के वाटा उचलतो, हे शाळेतली मुलंसुद्धा वाचू लागली होती. दीदींनी ते आकड्यांच्या कितीतरी आधी हाताने ओळखलं होतं.

इथवर वाचून काही जण म्हणतील, "भाऊ, तुम्हाला मातीचं कौतुक सुचतंय, किल्लारी विसरलात का?"

नाही विसरलो. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट माझ्या पिढीतला कोणीच विसरणार नाही. लातूर-धाराशिवमध्ये सुमारे ८ हजार माणसं गेली, बहुतेक आपल्याच घराखाली गाडली गेली. तेव्हापासून 'मातीचं घर म्हणजे मरण' हे आपल्या मनात पक्कं बसलं. पण नंतर तज्ज्ञांनी काय सांगितलं तेही ऐका. तिथल्या भिंती जाडजूड दगडांच्या होत्या, पण आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना बांधणारे आरपार दगडच त्यात नव्हते. वर मातीच्या धाब्याचं प्रचंड ओझं. हादरा बसला आणि भिंत दोन्ही बाजूंनी उकलली, छप्पर खाली आलं. म्हणजे दोष एकट्या मातीचा नव्हता, बांधणीचाही होता. भिंतीला आरपार दगड आणि भोवती बांधून ठेवणारा पट्टा असता, छप्पर हलकं असतं, तर कितीतरी जीव वाचले असते. आणि दीदी ज्या कांगड्यात काम करत होत्या तिथे १९०५ च्या एप्रिलमध्ये भूकंपाने सुमारे २० हजार माणसं मेली होती. त्या मुलखात 'होऊन जाईल काहीतरी' म्हणून भिंत उभी करता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे आणि तो माझ्या घरातूनच आला. ही पोस्ट लिहायच्या आधी मी हे सगळं आईला सांगितलं. ती म्हणाली, "तुला काय जातंय बोलायला? दर आठ दिवसांनी सारवत कोण होतं? पावसाळ्यात धाबं गळायचं तेव्हा रात्रभर घमेली कोण लावत होतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. लहानपणी आमचं घर धाब्याचं होतं. उन्हाळ्यात आत गारवा असायचा, हे मला आठवतं. आईला आठवतात ती घमेली. मातीचं घर सांभाळण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या अंगावर पडलं आणि त्याची मजुरी कोणी मोजली नाही. म्हणून गावातली बाई जेव्हा "मला पक्कं घर पाहिजे" म्हणते, तेव्हा ती अडाणी नसते, ती दमलेली असते. हे लक्षात न घेता शहरातल्या माणसाने तिला मातीचे गोडवे ऐकवू नयेत. आणि मीही ऐकवणार नाही.

मग दीदींच्या कामातून घ्यायचं काय? सगळ्यांनी मातीत राहायला जा, असं नाही. घ्यायचं हे की ज्याच्यासाठी बांधतो त्याला आधी विचारा, त्याच्याकडे आधी बघा.

हे फक्त दीदींनीच केलं असंही नाही. पुण्यात प्रतिमा जोशी या वास्तुविशारद बाईंनी १९९० च्या दशकात 'शेल्टर असोसिएट्स' ही संस्था उभी केली. मोठे बंगले बांधता आले असते, त्या वस्त्यांमध्ये गेल्या. घरोघर फिरून वस्त्यांचे नकाशे केले, कुठल्या घरात संडास आहे, कुठे नाही, मलवाहिनी कुठून जाते, हे एकेक घर धरून मांडलं. मग 'एक घर, एक शौचालय'. यात संस्था बांधकामाचं साहित्य दारात आणून देते आणि बांधण्याची मजुरी ते कुटुंब घालतं. फुकट नाही. घरच्याचा वाटा असल्यामुळे ते शौचालय त्यांचं स्वतःचं होतं, त्यात पुढे सरपण भरून ठेवलं जात नाही! आणि २००१ च्या कच्छ भूकंपानंतर मुंबईच्या प्रसिद्ध वास्तुविशारद वृंदा सोमय्या यांनी भाडली हे गाव गावकऱ्यांना सोबत घेऊन पुन्हा उभं करण्याचं काम केलं. तिघींची शैली वेगळी, साहित्य वेगळं. सवय एकच. आधी ऐकायचं, मग रेघ मारायची.

आता आपल्या तालुक्याकडे या.

आपल्याकडे देणाऱ्यांची कमी कधीच नव्हती. १९२८ साली इथे नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम सुरू झाला आणि त्यातून केवढं मोठं शैक्षणिक संकुल उभं राहिलं, हे आपण रोज पाहतो. गावोगाव लोकवर्गणीतून सभामंडप, वाचनालयं, शाळेच्या खोल्या होतात. कांद्याला बरा भाव मिळाला की शेतकरीही हात आखडता घेत नाही. देण्याची दानत आहे, प्रश्न त्याच्या पुढचा आहे.

काही वर्षांपूर्वी एका गावी लोकवर्गणीच्या सभागृहाच्या उद्घाटनाची बातमी करायला गेलो होतो. गावाचं नाव सांगत नाही, मंडळी चांगली आहेत. देणगीदारांची संगमरवरी पाटी चांगली चार फूट रुंद. आणि ती पाटी लावायला जागा पाहिजे म्हणून दर्शनी भिंतीतली खिडकी बुजवलेली! मे महिना, वर पत्रा, आत दोनशे माणसं. भाषणं सुरू झाली आणि अर्ध्या तासात म्हाताऱ्या बायका उठून बाहेर लिंबाखाली जाऊन बसल्या. सभागृह ज्यांच्यासाठी बांधलं त्या झाडाखाली आणि पाटी आत गारठ्याविना घामाघूम!

त्या बातमीत मी पाटीवरची सगळी नावं छापली. खिडकीबद्दल एक ओळ लिहिली नाही. तेव्हा सुचलंच नाही, आणि सुचलं असतं तरी छापायची हिंमत झाली असती का, माहीत नाही. दीदींबद्दल वाचताना ती खिडकी आठवली, म्हणून ही पोस्ट.

माझं म्हणणं साधं आहे. तुमच्या गावात शाळेची खोली, अंगणवाडी, दवाखाना, वाचनालय बांधायचं ठरत असेल तर वर्गणीची पहिली पावती फाडण्याआधी एक संध्याकाळ द्या. जिथे बांधायचं तिथे जाऊन बसा. ऊन कुठून येतं, वारा कुठून येतो, पावसाचं पाणी कुठे साचतं ते बघा. तिथे रोज येणार त्या बायकांना, पोरांना, म्हाताऱ्यांना विचारा. आपल्या तालुक्यातल्या कितीतरी मुली आज नाशिक-पुण्याला आर्किटेक्चर शिकताहेत. त्यातल्या एखादीला बोलवा आणि तिला सांगा, "ताई, देणगी नको, एक आराखडा दे." बघा कशी धावत येते. आणि तिचं नाव पाटीवर घाला. गवंड्याचंही घाला.

त्या शाळकरी मुलीचा प्रश्न अजून तसाच आहे. रंगमहालाचा नकाशा कोणी काढला, ते सागवानी खांब कोणी तासले, भिंतीवरची चित्रं कोणी रंगवली, त्यांची नावं आपल्याला सांगता येत नाहीत. अहिल्यादेवींचं नाव आहे आणि ते असायलाच हवं. पण त्या वाड्यात त्या कारागिरांचाही वाटा आहे.

निदान आपल्या हयातीत बांधलेल्यांचं तरी करू. तुमच्या गावात जुनं मातीचं, धाब्याचं घर अजून उभं असेल, ते बांधणारा म्हातारा गवंडी हयात असेल, तर या रविवारी त्याच्याकडे जा. भिंत कशी चढवली, माती कुठली आणली, धाबं गळू नये म्हणून काय करायचे, सगळं विचारा आणि लिहून ठेवा. घरातल्या आजीलाही विचारा, सारवायला किती वेळ लागायचा. तेही लिहा.

मी सुरुवात आईपासून केली आहे. वहीची चार पानं भरली. पहिल्याच पानावर घमेली आहेत.